दात काढायला जाताय? हाडाचं आणि हिरडीचं आधी विचारून घ्या

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो आणि आमच्या क्लिनिकात सगळ्यात जास्त दाढा पण शुक्रवारीच निघतात. पेडणे, डिचोली, शिवोली, कुठून कुठून माणसं बाजाराला येतात आणि आलोच आहे तर ती दुखणारी दाढ पण काढून टाकतो म्हणून खुर्चीत बसतात, पायाशी पिशवीत कांदे-मिरच्या आणि सुके बांगडे तसेच. मी तिथे ११ वर्षं डेंटल असिस्टंट आहे. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, तुमच्या तोंडाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. पण दात निघाल्यावर त्या जागेच्या हाडाचं आणि हिरडीचं काय होतं ते मी रोज हातभर अंतरावरून बघते, आणि ते कळल्यावर गप्प बसवत नाही म्हणून हे लिहितेय.

माझ्या स्वतःच्या तोंडातली गोष्ट आधी. मी २३ वर्षांची होते, ही नोकरी नव्हती तेव्हा. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ किडलेली होतीच, जत्रेतलं खाजं चावलं आणि अर्धी दाढ खाज्याबरोबर हातात आली. एका ठिकाणी जाऊन काढून घेतली, दहा मिनिटांचं काम, चावायला गॉज, पाच दिवसांच्या गोळ्या, झालं. त्या रिकाम्या जागेचं पुढे काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही. पाच वर्षांनी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, करायचं मनात आलं आणि स्कॅन काढला तर तिथल्या हाडाची रुंदी साडेचार मिलिमीटर. जीभ फिरवली की कळायचं, बाहेरच्या बाजूने जबडा आत गेल्यासारखा, खोबणीसारखा लागायचा, पण त्याला काही अर्थ आहे हे मला माहीतच नव्हतं. मग आधी हाड वाढवायची वेगळी सर्जरी, सहा महिने थांबणं, मग इम्प्लांट. दाढ निघाली त्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं जास्त बसले असते तर कदाचित हे सगळं टळलं असतं.

हाड जातं कुठे

दात ज्या हाडात रुतलेला असतो ते हाड दाताच्या जिवावरच असतं. दाताच्या मुळाला आणि हाडाला बारीक बारीक धागे जोडून ठेवतात, चावताना त्या धाग्यांवर ताण येतो आणि त्या ताणावर हाडाची ती आतली पातळ कड टिकून राहते. दात गेला की धागे गेले, मग शरीर म्हणतं आता याचं काम काय, आणि ते हाड झिजायला लागतं. सगळ्यात आधी जाते ती गालाकडची किंवा ओठाकडची भिंत, कारण ती मुळातच पातळ असते, समोरच्या वरच्या दातांना तर बहुतेक लोकांत एक मिलिमीटरपेक्षा पण कमी. म्हणून समोरचा दात काढून वर्ष झालं की ओठाच्या आत खळगा पडलेला दिसतो आणि नंतर तिथे कितीही चांगला दात बसवा, तो हिरडीतून उगवल्यासारखा न दिसता वरून ठेवल्यासारखा दिसतो.

किती जातं? वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेला सरासरी आकडा असा, की पहिल्या सहा महिन्यांत रुंदीत साधारण ३.८ मिलिमीटर आणि उंचीत साधारण १.२ मिलिमीटर कमी होतं. आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतच. आता हिशोब करा, ४ मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर त्याच्या दोन्ही अंगाला निदान दीड-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे ७ मिलिमीटर रुंदी हवी. तुमचं हाड ८-९ असेल आणि त्यातलं पावणेचार गेलं तर उरलं काय ते बघा. हिरडीचं पण तसंच, ती हाडावर अंथरलेली असते, खालचं हाड बसलं की वरची हिरडी पण बसते.

यावर जो उपाय आहे त्याला डॉक्टर सॉकेट प्रिझर्वेशन किंवा रिज प्रिझर्वेशन म्हणतात. दात काढला त्याच बैठकीत रिकाम्या खड्ड्यात हाडाचे दाणे भरायचे आणि वरून झाकायचं, इतकंच. याने झीज शून्य होत नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण काहीच न करण्यापेक्षा साधारण दीड-दोन मिलिमीटर रुंदी जास्त वाचते, आणि वर हिशोब केला तिथे दोन मिलिमीटर म्हणजे काय ते कळलं असेलच.

पहिली पायरी, खुर्चीत बसायच्या आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, हा दात खरंच काढायलाच हवा का. रूट कॅनल करून वाचत असेल तर वाचवा, स्वतःच्या दातासारखं हाड सांभाळणारं दुसरं काही नाही.

दुसरा प्रश्न, दात निघाल्यावर त्या जागी पुढे काय करायचं आहे. इम्प्लांट, ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), काढता-घालता येणारी कवळी की काहीच नाही. हा प्रश्न लोक दात काढून झाल्यावर सहा महिन्यांनी विचारतात, तिथेच सगळं बिघडतं. इम्प्लांट करायचाय पण लगेच नाही, पैसे जमले की करू, असं असेल तर हाड राखण्याचा सगळ्यात जास्त फायदा तुम्हालाच. समोरच्या दाताला ब्रिज करणार असाल तरी फायदा आहे, कारण खळगा पडला की ब्रिजच्या खाली फट दिसते आणि अन्न अडकतं. खालची पूर्ण कवळी लावणाऱ्यांना तर विचारा हाड बसणं म्हणजे काय, कवळी बोलताना वर उचलते, हुमण-भात खाताना माशाचा काटा कवळीखाली जाऊन टोचतो.

आणि कुठे गरज नाही ते पण सांगते, उगाच खर्च नको. अक्कलदाढ काढली तर तिथे दुसरा दात बसवायचा नसतो, बहुतेक वेळा काही भरायची गरज नाही. तारा लावण्यासाठी दात काढले तर ती जागा शेजारचे दात सरकून भरणारच असतात. पुढे काहीच बसवायचं नाही असं पक्कं असेल तर तेही डॉक्टरांना सरळ सांगा. आणि खड्ड्यात ताजा पू असेल, गाल सुजलेला असेल, तर डॉक्टर त्या दिवशी दाणे भरायचं टाळू शकतात, आधी इन्फेक्शन शांत करतील. काही वेळा डॉक्टर असंही सुचवतात की नुसता दात काढू, ६ ते ८ आठवड्यांत हिरडी मिटली की लगेच इम्प्लांट आणि त्याच वेळी थोडं हाड, तो पण चांगला मार्ग आहे, पण मग तारीख पाळायची, पुढच्या चतुर्थीनंतर बघू असं म्हणून चालत नाही. दात काढला त्याच दिवशी इम्प्लांट पण काही लोकांना करता येतो. फक्त इम्प्लांट घातला म्हणजे बाहेरची भिंत झिजायची थांबते असा समज आहे, तो बरोबर नाही, तिथे पण मधल्या फटीत दाणे भरावे लागतात.

दुसरी पायरी, औषधांची सगळी यादी द्या, सलाईनसकट

हे मी जरा लांबण लावून लिहिणार आहे.

पेडण्याकडच्या एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या. मी फॉर्म भरत होते, विचारलं आजी काही गोळ्या चालू आहेत का, म्हणाल्या बीपीची एक, बस. सगळं लिहून झालं, सही झाली, आणि सहज गप्पा मारताना म्हणाल्या की वर्षातून एकदा हाडांसाठी सलाईन लावायला जावं लागतं, तेवढाच त्रास. मी विचारलं अहो आजी, मग मघाशी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "बाय, तें वखद न्हय गो, तें सलायन." त्यांच्या दृष्टीने गोळी म्हणजे औषध, सलाईन म्हणजे औषध नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी दात काढला नाही, आधी त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले.

कारण असं की हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून जी औषधं देतात, ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी, झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षाचं सलाईन, डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, ती घेणाऱ्या थोड्या लोकांमध्ये दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येता उघडं पडतं. ऑस्टिओपोरोसिससाठी घेणाऱ्यांत हे क्वचित होतं, कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत बरंच जास्त. पण डॉक्टरांना माहीत तरी हवं ना. आणि ती औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, त्याने वेगळाच घोळ होतो.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं पण तेच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन चालू असेल तर सांगा, पण शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून चार दिवस आधी बंद करून येऊ नका. आजकाल बहुतेक वेळा गोळी न थांबवताच दात काढतात, वॉर्फरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून. गोळी थांबवून हृदयाला धोका झाला तर ते दातापेक्षा कितीतरी मोठं. डायबेटिस असेल तर एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट आणा, साखर हाताबाहेर असेल तर खड्डा भरायला वेळ लागतो आणि भरलेले दाणे टिकत नाहीत. सिगरेट, विडी, तंबाखू पण खरंखरं सांगा. आम्ही कोणाला ओरडत नाही.

तिसरी पायरी, दात काढायची पद्धत

दाणे कुठले, कंपनी कुठली यावर लोक खूप चर्चा करतात, पण माझ्या मते अर्धं काम दात कसा काढला यावरच होतं. जोर लावून दात गदागदा हलवला की ती पातळ भिंत मोडते आणि मग काहीही भरलं तरी धरून ठेवायला भिंतच नाही.

सांभाळून काढताना डॉक्टर आधी पेरिओटोम नावाचं पात्यासारखं पातळ हत्यार दात आणि हाड यांच्या मधल्या फटीत सरकवतात, चारी बाजूंनी थोडं थोडं, आणि ते धागे कापत जातात. वेळ लागतो, बघणाऱ्याला वाटतं काही होतच नाहीये. दोन-तीन मुळांची दाढ असेल तर ती ड्रिलने मुळांमधून कापून एकेक मूळ वेगळं काढतात. पेशंट घाबरतात, म्हणतात दाढ तोडली हो माझी, तर ती मुद्दाम तोडलेली असते आणि तुमच्या हाडासाठीच तोडलेली असते. शक्यतो हिरडी फाडून उलटवत नाहीत, कारण त्या पातळ भिंतीला रक्त वरच्या पडद्यातूनच मिळतं. आणि दात निघाल्यावर दोन बोटांनी खड्ड्याच्या भिंती दाबून जवळ आणायची जुनी सवय असते ना, तिथे पुढे इम्प्लांट बसवायचा असेल तर ती दाबादाबी नको.

तुम्ही एवढंच म्हणा, डॉक्टर, मला पुढे इथे इम्प्लांट करायचाय, बाहेरची भिंत जपून काढाल का. या एका वाक्याने फरक पडतो, मी बघितलाय.

चौथी पायरी, खड्ड्यात काय भरतात

गेल्या वर्षी माझ्या आईचा वरचा उपदाढेचा दात गेला, जुनं रूट कॅनल, मूळ उभं चिरलेलं. तेव्हा ट्रे मीच लावला होता, म्हणून जवळून सांगते. दात निघाल्यावर खड्डा क्युरेटने खरवडून साफ केला, आतला मऊ लालसर सडका भाग सगळा काढला, सलाईनने धुतलं. मग डॉक्टरांनी बारीक प्रोबने आतून चारी भिंती चाचपल्या, बाहेरच्या भिंतीला चिरेच्या जागी उभी फट लागली. काचेच्या छोट्या वाटीत दाणे ओतले, जाड रव्याएवढे, पांढरे, कोरडे. त्यात आईच्याच खड्ड्यातलं थोडं रक्त मिसळलं की ते दाणे ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरतात. भिंतीच्या फटीवर आतून कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा पातळ पडदा सरकवला, मग दाणे थोडे थोडे करून भरले, ठासून नाही, कारण दाण्यांच्या मधून रक्ताच्या नळ्या आत यायला जागा राहायला हवी. वरून पडदा दुमडला आणि आडवे टाके. सगळं मिळून वीस मिनिटं.

दाणे कशाचे असतात हे आधी विचारा, आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. प्रक्रिया केलेलं गाईगुरांचं हाड खूप ठिकाणी वापरतात, स्विस कंपनीचं बायो-ऑस हे त्यातलंच. पडद्याचं कोलॅजन पण गुराचं किंवा डुकराचं असू शकतं. कोणाला हे चालतं, कोणाला श्रद्धेमुळे चालत नाही, दोन्ही ठीक, पण ते घालायच्या आधी कळलं पाहिजे, घरी जाऊन नेटवर वाचून रात्रभर तळमळायला नको. नको असेल तर कृत्रिम पर्याय आहेत, हायड्रॉक्सीॲपटाइट, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास. माणसाच्या दान केलेल्या हाडापासूनचे दाणे पण मिळतात, मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, तिथे दान आलेलं हाड वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तयार करतात. यातलं सगळ्यात भारी कुठलं असं विचाराल तर मला वाटतं त्यात फार अडकू नका, काही दाणे लवकर विरघळतात, गुराच्या हाडाचे वर्षानुवर्षं तसेच राहून आकार धरून ठेवतात, जागा आणि पुढचा बेत बघून डॉक्टर निवडतील.

पीआरएफ पण ऐकाल. तुमच्याच हातातून दहा-दहा मिलिलिटर रक्त नळ्यांत घेतात, काही औषध न मिसळता सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, आणि नळीच्या मध्ये पिवळसर, जेलीसारखी गुठळी तयार होते, ती चिमट्याने काढून दाबली की पडदा. स्वतःचंच रक्त असल्यामुळे श्रद्धेचा प्रश्न नाही, हिरडी लवकर मिटते, दुखतं कमी. पण नुसत्या पीआरएफने दाण्यांएवढं हाड टिकेल असं धरू नका.

झाकायला कोलॅजन सोडून पीटीएफईचा पांढरा पडदा पण वापरतात, तो विरघळत नाही, तीन-चार आठवड्यांनी ओढून काढतात, तोंडात पांढरं प्लॅस्टिक दिसतं म्हणून घाबरू नका. समोरच्या दातांना कधी कधी टाळूवरून हिरडीचा गोल तुकडा घेऊन खड्ड्यावर शिवतात. त्याने हिरडी जाड राहते आणि इम्प्लांटभोवती घट्ट, न हलणारी हिरडी असली की ब्रश करताना दुखत नाही आणि स्वच्छता राहते. टाळूची जखम मात्र आठवडाभर चांगलीच झोंबते, ते मानून चला.

खर्च लेखी विचारा, दात काढायचा वेगळा, दाण्यांचा वेगळा, पडद्याचा वेगळा. प्रायव्हेटमध्ये परवडत नसेल तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे, सरकारी, १९८० पासूनचं. तिथे जाताना पण हाच प्रश्न घेऊन जा, की दात काढायच्या आधी मला हाड राखण्याबद्दल विचारायचंय.

पाचवी पायरी, पहिला दिवस

भरलेलं असो किंवा नुसता खड्डा असो, पहिल्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट जपायची, ती रक्ताची गुठळी. पुढचं सगळं हाड त्या गुठळीवरच उभं राहतं.

गॉज ४५ मिनिटं दाबून धरायचा, दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, हे सगळ्यात कठीण जातं, लाळ लाल दिसली की माणूस थुंकतोच. गिळून टाका, एक थेंब रक्त वाटीभर लाळेला लाल करतं. २४ तास चूळ नाही, स्ट्रॉने शहाळं नाही, ओढण्याने गुठळी उपसते. गालावरून बर्फ, १५ मिनिटं लावायचा, १५ मिनिटं काढायचा. झोपताना दोन उशा. आणि बाजाराच्या पिशव्या दुसऱ्या कोणाला तरी द्या हो, दाढ काढून भर उन्हात दहा-दहा किलो उचलून कदंबाच्या बसला धावायचं आणि संध्याकाळी रक्त थांबत नाही म्हणून फोन करायचा, हे दर शुक्रवारी होतं.

विडी-सिगरेट निदान पहिला आठवडा तरी पूर्ण बंद, आणि खरं तर हाड भरेपर्यंत. मेट्रोनिडाझोलची गोळी दिली असेल तर तिच्याबरोबर फेणी, बिअर काहीच नाही, कोर्स संपल्यावर पण निदान दोन दिवस नाही, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. थोडीशी घेतली तर जखम शेकते असं एकाने मला सांगितलं होतं. नाही शेकत.

खायला आपल्याकडे पेज आहे हे नशीबच समजा. उकड्या तांदळाची पेज, कोमट करून, गरम नाही. दही-भात, मऊ खिचडी, केळं, रस्सा न झणझणवता केलेलं मऊ मासळीचं मांस काटे काढून. दुसऱ्या बाजूने चावायचं. पदेराचा पाव दुधात बुडवून चालेल, पण काकणं (बांगडीसारखा कडक पाव), पोयी पावाची कडक कड, चणे, खाजं हे निदान दोन-तीन आठवडे नाही. सोलकढी दोन दिवस थांबून प्या, मिरची कमी घालून.

सहावी पायरी, पहिले पंधरा दिवस

२४ तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान इकडे-तिकडे करायची आणि सोडून द्यायचं, खळाखळा नाही. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल तर सांगितलं तितके दिवसच, दातांवर डाग पडतात. बाकीचे दात रोज ब्रश करायचेच, फक्त टाक्यांवर ब्रश नको.

लवंगाचं तेल, हळद, तंबाखूची मशेरी, काहीही त्या खड्ड्यावर लावू नका. एका काकूंनी दुखू नये म्हणून लवंग कुटून भरली होती, तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा टाके सुटलेले आणि निम्मे दाणे बाहेर. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, चूक त्यांची नव्हतीच, आम्ही कागद दिला होता पण वाचून दाखवला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येकाला तोंडाने सांगते.

घाबरायचं कशाला नाही ते बघा. दोन-तीन दिवस सूज वाढते, मग उतरते. दोन-चार दाणे जिभेवर वाळूसारखे लागतात, चालतं. खड्ड्यावर पांढरट-पिवळट साय दिसते, तो पू नव्हे, ती भरणारी जखम, काडीने खरवडू नका.

फोन कधी करायचा? दुखणं आधी कमी होऊन दुसऱ्या ते चौथ्या दिवसात परत वाढलं, कानापर्यंत ठणकायला लागलं, तोंडाला घाण वास, तर गुठळी सुटून ड्राय सॉकेट झालं असेल, गोळ्या खात बसू नका, क्लिनिकात जा. गॉज दाबून पण रक्त थांबत नाही, ताप, पू, तोंड उघडत नाही, दाणे भराभर येताहेत, वरची दाढ काढल्यावर पाणी पिताना नाकातून येतंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर क्लिनिक उघडायची वाट न बघता सरळ गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत.

टाके ७ ते १० दिवसांनी. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत, या.

सातवी पायरी, पुढचे महिने

बाहेरून हिरडी महिन्याभरात मिटते आणि माणूस विसरतो. आत मात्र कच्चं हाड तयार होत असतं, ते पक्कं व्हायला दाण्यांप्रमाणे चार ते सहा महिने लागतात. या काळात त्या जागेवर दाब नको. तात्पुरती कवळी दिली असेल आणि ती खड्ड्यावर टेकत असेल तर डॉक्टरांकडून खालून घासून घ्या, रात्री काढून ठेवा. रोज दाब देणारी कवळी हे राखलेलं हाड परत खाते. समोरचा दात असेल तर शेजारच्या दाताला मागून पंखासारख्या पातळ पट्टीने चिकटवलेला तात्पुरता दात बरा, आणि त्याचं खालचं टोक अंड्यासारखं गोल ठेवलं तर हिरडीला पण खऱ्या दातासारखा आकार येतो.

चार महिन्यांनी स्कॅन. आईचा साडेचार महिन्यांनी काढला, रुंदी ७.२ मिलिमीटर आली, त्या चिरलेल्या भिंतीच्या जागी पण. मी तो स्कॅन माझ्या जुन्या स्कॅनच्या शेजारी स्क्रीनवर लावून बघितला. बराच वेळ बघितला. तिचा इम्प्लांट आता बसलाय, कॅपचं माप पुढच्या महिन्यात आहे.

फार पुढे ढकलू नका. दाणे भरले म्हणजे आता पाच वर्षं निवांत असं नाही, हाडाला परत काम मिळालं नाही तर ते हळूहळू झिजतंच.

आणि एक कागद मागून घ्या. दाण्यांच्या आणि पडद्याच्या पाकिटावर निघणारे छोटे स्टिकर असतात, कंपनी, बॅच नंबर, एक्सपायरी लिहिलेले, ते आम्ही पेशंटच्या फाइलला चिकटवतो. एक तुमच्यासाठी मागा किंवा मोबाइलवर फोटो काढा. पाच वर्षांनी तुम्ही पुण्याला किंवा दुबईला असाल, तिथला डॉक्टर विचारेल इथे काय भरलंय, तेव्हा तो फोटो दाखवता येतो. आईचा स्टिकर मी तिच्या रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय, तिथून ती काहीच हरवत नाही.